ताहा हुसेन

ताहा हुसेन (जन्म : १४ नोव्हेंबर १८८९, मृत्यू : २८ ऑक्टोबर १९७३) हे इजिप्तमधील अरबी साहित्यिक, समीक्षक, इतिहासकार, अनुवादक आणि शिक्षणतज्ज्ञ होते. विसाव्या शतकातील अरबी गद्याला आधुनिक वळण देणाऱ्या अग्रगण्य लेखकांमध्ये त्यांची गणना होते. बालपणीच दृष्टी गमावूनही त्यांनी कैरो आणि पॅरिस या दोन्ही ठिकाणी डॉक्टरेट मिळविली. पुढे ते कैरो येथील विद्यापीठाचे कलाशाखाप्रमुख, अलेक्झांड्रिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. 'अल्-अय्याम' (दिवस) हे त्यांचे आत्मचरित्र आधुनिक अरबी साहित्यातील अभिजात कृती मानले जाते. अरब जगात ते 'अरबी साहित्याचे अधिष्ठाता' (अमीद अल्-अदब अल्-अरबी) या बिरुदाने ओळखले जातात.

बालपण

ताहा हुसेन यांचा जन्म अप्पर इजिप्तमधील मिन्या प्रांतात, मघाघा या गावाजवळच्या एका वस्तीत झाला. वडील साखर कंपनीत कनिष्ठ कर्मचारी होते. कुटुंब मोठे होते. वडिलांच्या तेरा अपत्यांपैकी ताहा हे सातवे. मिळकत बेताची असली तरी मुलांनी शिकावे अशी वडिलांची तळमळ होती.

ताहा सुमारे तीन वर्षांचे असताना त्यांचे डोळे आले. खेड्यांतील मुलांना हा विकार वरचेवर होत असे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नसे. दुखणे वाढल्यावर गावातील न्हाव्याला बोलावण्यात आले. त्याच्या उपचाराने दृष्टी वाचली नाही, ती कायमची गेली. पुढे ताहा यांच्या चार वर्षांच्या धाकट्या बहिणीचाही तापाने अंत झाला. तिच्या दुखण्याकडेही वेळेवर कोणाचे लक्ष गेले नव्हते. १९०२ साली इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. तिच्यात त्यांचा अठरा वर्षांचा थोरला भाऊ दगावला. तो वैद्यकीय शिक्षणासाठी जाण्याच्या तयारीत होता. अज्ञान आणि दारिद्र्य माणसाचा जीव कसा घेतात, हे ताहा यांनी अशा रीतीने आपल्या घरातच अनुभवले. शिक्षणाविषयीच्या त्यांच्या पुढील सर्व आग्रहांचे मूळ या अनुभवात आहे.

त्या काळी इजिप्तच्या ग्रामीण भागात अंध मुलापुढे एकच मार्ग असे. कुराण मुखोद्गत करावे आणि धार्मिक प्रसंगी त्याचे पठण करून उपजीविका करावी. ताहा यांना गावातील कुत्ताबमध्ये, म्हणजे कुराणाचे पाठांतर करवून घेणाऱ्या शाळेत घालण्यात आले. वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी संपूर्ण कुराण पाठ केले. मध्यंतरी सराव सुटल्याने ते काही भाग विसरले आणि वडिलांसमोर त्यांची फजिती झाली. तेव्हा त्यांना सारे पुन्हा पाठ करावे लागले. लोककथा, वीरगाथा, सूफी भक्तिगीते आणि गावगप्पा हे सर्व त्यांनी कानांनी टिपले. पुढे त्यांच्या गद्यात जी लय आणि पुनरावृत्तीची गोडी दिसते, तिचा उगम या श्रवणसंस्कारात असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर कायमचा ठसा उमटवून गेला. एकदा जेवताना त्यांनी कुतूहलाने घास एका हाताऐवजी दोन्ही हातांनी उचलला. ते पाहून भावंडे हसली, आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि वडिलांनी खिन्न स्वरात घास कसा घ्यावा हे समजावले. त्या दिवसापासून, सांडण्याची भीती असलेले कोणतेही पदार्थ चारचौघांत खायचे त्यांनी सोडून दिले. आपल्या अंधत्वाची कीव कोणाला येऊ नये, ही त्यांची जिद्द येथून सुरू झाली.

अल्-अझहरमधील वर्षे

१९०२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ताहा थोरल्या भावासोबत कैरोला आले आणि अल्-अझहर या प्राचीन इस्लामी विद्यापीठात दाखल झाले. भाऊही तेथेच शिकत होता. तो मित्रांकडे किंवा व्याख्यानांना गेला की ताहा भाड्याच्या खोलीत तासन्‌तास एकटे बसून राहत. पुढे सोबतीला एक नातलग मुलगा आला, तेव्हा त्यांचा एकांत संपला. प्रवेशाच्या वेळी परीक्षकाने त्यांना नावाने हाक न मारता त्यांच्या आंधळेपणाचा उल्लेख करून बोलावले. तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला.

अल्-अझहरमधील अध्यापन मुख्यतः जुन्या ग्रंथांवरील टीका आणि त्या टीकांवरील उपटीका यांभोवती फिरत असे. ताहा यांना त्याचा लवकरच कंटाळा आला. धर्मसुधारक मुहम्मद अब्दुह यांची अखेरची काही व्याख्याने त्यांना ऐकायला मिळाली. मात्र त्यांच्यावर सर्वांत खोल प्रभाव पडला तो शेख सय्यद अल्-मरसफी यांचा. अल्-मरसफी जुने अरबी काव्य शिकवीत. व्याकरणाच्या चर्चेत न अडकता कवितेतील शब्द, भाव आणि रचना यांचा आस्वाद घेण्याची दृष्टी त्यांनी विद्यार्थ्यांना दिली. ताहा यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे काही शेख नाराज झाले. अल्-अझहरची अंतिम पदवी, 'आलिमिय्या', त्यांना मिळू शकली नाही.

इजिप्शियन विद्यापीठ

डिसेंबर १९०८ मध्ये कैरोत खाजगी देणग्यांवर इजिप्शियन विद्यापीठ सुरू झाले. (हेच आजचे कैरो विद्यापीठ होय.) ताहा यांनी तेथे प्रवेश घेतला. कार्लो नल्लिनो यांच्यासारखे युरोपीय प्राच्यविद्यापंडित येथे अरबी भाषेतून व्याख्याने देत. साहित्याचा इतिहास लिहिता येतो, जुन्या मजकुराची चिकित्सा करता येते आणि एखाद्या कवीकडे त्याच्या काळाच्या संदर्भात पाहता येते, हे त्यांना येथे प्रथमच उमगले. याच काळात अहमद लुत्फी अल्-सय्यद यांच्या 'अल्-जरीदा' या वृत्तपत्रातून ते लेखन करू लागले. लुत्फी अल्-सय्यद पुढे जन्मभर त्यांचे मार्गदर्शक राहिले.

१९१४ साली त्यांनी अबुल अला अल्-मआर्री या अकराव्या शतकातील सीरियन कवीवर प्रबंध सादर केला. या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डॉक्टरेट होती. अल्-मआर्री यांचीही दृष्टी बालपणी गेली होती. एकांतप्रिय, संशयवादी आणि तर्कनिष्ठ अशा या कवीशी ताहा यांचे नाते केवळ अभ्यासविषयाचे राहिले नाही. पुढे त्यांनी त्याच्यावर आणखी पुस्तके लिहिली.

फ्रान्समधील शिक्षण आणि विवाह

१९१४च्या अखेरीस विद्यापीठाने त्यांना फ्रान्सला पाठविले. पहिले महायुद्ध सुरू झाले होते, त्यामुळे पॅरिसऐवजी दक्षिणेकडील माँपेलिए येथे त्यांची सोय करण्यात आली. विद्यापीठ आर्थिक अडचणीत आल्याने १९१५ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. काही महिन्यांनी ते पुन्हा फ्रान्सला गेले आणि पॅरिसमधील सॉरबॉन येथे दाखल झाले. फ्रेंचबरोबर त्यांनी लॅटिन भाषेचाही अभ्यास केला.

अंध विद्यार्थ्याला परक्या भाषेत उच्च शिक्षण घ्यायचे तर वाचून दाखविणारा माणूस हवा. माँपेलिएत सुझान ब्रेसो या फ्रेंच तरुणीने हे काम स्वीकारले. फ्रेंच साहित्य ताहा यांनी प्रथम तिच्या आवाजात ऐकले. दोघांचा धर्म, देश आणि भाषा वेगळी असल्याने विवाहाला तिच्या घरातून विरोध होता. कॅथलिक धर्मगुरू असलेल्या तिच्या काकांनी ताहा यांची भेट घेतल्यावर पाठिंबा दिला आणि हा विरोध मावळला. ९ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचा विवाह झाला. अमीना ही मुलगी आणि मुअनिस हा मुलगा अशी त्यांना दोन अपत्ये होती. सुझान यांनी पतीला अखेरपर्यंत साथ दिली. त्यांच्या निधनानंतर सुझान यांनी लिहिलेल्या आठवणी 'मअक' (तुझ्यासमवेत) या नावाने अरबीत प्रसिद्ध झाल्या.

सॉरबॉन येथे ताहा यांनी चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांच्या सामाजिक तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिला. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम त्यांचे मार्गदर्शक होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये दुर्खाइम यांचे निधन झाल्यावर सेलेस्तँ बुग्ले यांच्याकडे मार्गदर्शन गेले. १९१८च्या आरंभी प्रबंध स्वीकारण्यात आला. १९१९ साली ताहा इजिप्तला परतले.

प्राध्यापक आणि अनुवादक

इजिप्शियन विद्यापीठात ताहा प्रथम प्राचीन ग्रीक व रोमन इतिहासाचे प्राध्यापक झाले. अरबी वाचकांना ग्रीक वाङ्मयाचा परिचय नसल्याची खंत त्यांना होती. मध्ययुगात बगदादमध्ये ग्रीक तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांचे ग्रंथ अरबीत आले. परंतु ग्रीक नाटके त्या काळी अनुवादित झाली नाहीत. ही उणीव भरून काढणे त्यांनी आपले काम मानले. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी १९२१ साली अरबीत आणला. पुढे सोफोक्लीझची नाटके, रासीनचे 'आंद्रोमाक' आणि व्होल्तेरची 'झादिग' ही कथाही त्यांनी अरबीत आणली. भाषांतर म्हणजे परभाषेपुढे शरणागती नव्हे. अरबी संस्कृतीचा उत्कर्षकाळ हाच भाषांतराचा काळ होता, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९२५ साली विद्यापीठ सरकारी झाले आणि ताहा अरबी साहित्याचे प्राध्यापक बनले. वृत्तपत्रातून दर बुधवारी प्रसिद्ध होणारे त्यांचे साहित्यविषयक लेख 'हदीस अल्-अर्बिआ' (बुधवारच्या गप्पा) या नावाने संग्रहित झाले. पाठ्यपुस्तकांत अडकलेले अब्बासी काळातील कवी या लेखांमुळे सामान्य वाचकांच्या चर्चेचा विषय झाले.

इस्लामपूर्व काव्याविषयीचा वाद

१९२६ साली 'फी अश्-शिअर अल्-जाहिली' (इस्लामपूर्व काव्याविषयी) हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मोठे वादळ उठले. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या पद्धतीनुसार आधीच्या सर्व समजुती बाजूला ठेवून पुरावा तपासावा, अशी भूमिका त्यांनी पुस्तकात घेतली. इस्लामपूर्व कवींच्या नावावर असलेले बहुतांश काव्य प्रत्यक्षात इस्लामच्या उदयानंतर रचले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. टोळ्यांचा अभिमान, राजकीय स्पर्धा, धार्मिक गरजा आणि कथाकारांची हौस ही त्यामागची कारणे त्यांनी दिली. दक्षिण अरबस्तान आणि उत्तर अरबस्तान यांच्या भाषा भिन्न असताना दोन्हीकडील कवींच्या काव्यात एकच भाषा कशी, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. डेव्हिड मार्गोल्युथ या इंग्रज अभ्यासकाने १९२५ साली काहीसे मिळतेजुळते मत मांडले होते.

वाद केवळ काव्यापुरता राहिला नाही. अब्राहम आणि इश्माएल यांचा उल्लेख धर्मग्रंथांत असणे एवढ्याने त्यांचे ऐतिहासिक अस्तित्व सिद्ध होत नाही, असे विधान पुस्तकात होते. अल्-अझहरच्या विद्वानांनी तक्रार केली, संसदेत प्रश्न उपस्थित झाला आणि लेखकाला विद्यापीठातून काढून टाकण्याची मागणी झाली. मुस्तफा सादिक अर्-राफिई, मुहम्मद फरीद वज्दी, मुहम्मद अल्-खिद्र हुसेन अशा लेखकांनी खंडनपर पुस्तके लिहिली. प्रकरण सरकारी वकील मुहम्मद नूर यांच्याकडे गेले. त्यांनी पुस्तक बारकाईने वाचले, लेखकाची सविस्तर चौकशी केली आणि त्यातील अनेक युक्तिवादांवर टीकाही केली. तथापि आक्षेपार्ह भाग संशोधनाच्या ओघात लिहिलेला असून त्यामागे गुन्ह्याचा हेतू नाही, असा निर्णय देऊन मार्च १९२७ मध्ये त्यांनी प्रकरण बंद केले.

मूळ पुस्तक बाजारातून काढून घेण्यात आले. त्यातील वादग्रस्त भाग गाळून आणि नवीन प्रकरणे जोडून १९२७ साली 'फी अल्-अदब अल्-जाहिली' (इस्लामपूर्व साहित्याविषयी) या नावाने ते पुन्हा प्रसिद्ध झाले. मुख्य सिद्धान्त लेखकाने कायम ठेवला. आजचे बहुतेक अभ्यासक तो सरसकट स्वीकारत नाहीत. मौखिक परंपरेत पाठ बदलत जातात हे मान्य करूनही या काव्याचा मोठा भाग प्राचीन असल्याचे ते मानतात. तरीही पूज्य मानलेल्या मजकुरासंबंधी विद्यापीठात प्रश्न विचारता येतो की नाही, हा या वादाने पुढे आणलेला मुद्दा अरब जगात पुन्हा पुन्हा चर्चिला गेला.

अल्-अय्याम

या वादाच्याच काळात, १९२६-२७ मध्ये, 'अल्-हिलाल' मासिकातून त्यांच्या बालपणीच्या आठवणी क्रमशः प्रसिद्ध झाल्या. त्या १९२९ साली 'अल्-अय्याम' या नावाने पुस्तकरूपात आल्या. अल्-अझहरमधील वर्षांवर दुसरा भाग पुढे निघाला. विद्यापीठ आणि फ्रान्समधील दिवसांवरील तिसरा भाग पुस्तकरूपाने १९६७ साली आला.

हे आत्मचरित्र तृतीय पुरुषात लिहिलेले आहे. लेखक स्वतःला 'मुलगा' किंवा 'आपला मित्र' असे संबोधतो. घराजवळचे बोरूचे कुंपण, त्याच्या पलीकडून येणारे आवाज, वाटेवरच्या दगडांचा पायांना होणारा स्पर्श, वास आणि ऊब यांतून सारे जग उभे राहते. दृश्यवर्णन जवळजवळ नसूनही वाचकाला गाव डोळ्यांपुढे दिसते, हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य होय. कुत्ताबमधील गुरुजींचा लोभ, गावातील शेखांचा दंभ आणि घरातील अडाणी उपचार यांचे चित्रण उपरोधाने केले आहे, मात्र त्यात कडवटपणा नाही. पहिल्या भागाच्या शेवटी लेखक आपल्या लहान मुलीला उद्देशून बोलतो आणि तिच्या वयाचा असताना आपण किती हलाखीत दिवस काढले, हे तिला सांगावे की न सांगावे अशा संकोचात पडतो.

अनुवादाच्या बाबतीतही 'अल्-अय्याम' हे आधुनिक अरबी साहित्यातील आरंभीच्या यशस्वी पुस्तकांपैकी आहे. ई. एच. पॅक्स्टन यांनी केलेला पहिल्या भागाचा इंग्रजी अनुवाद १९३२ साली आणि इग्नाती क्राचकोव्स्की यांचा रशियन अनुवाद १९३४ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाचा इंग्रजी अनुवाद हिलरी वेमंट यांनी, तर तिसऱ्याचा केनेथ क्रॅग यांनी केला. फ्रेंच आवृत्ती १९४७ साली आंद्रे जीद यांच्या प्रस्तावनेसह निघाली. अरबी शाळांमध्ये हे पुस्तक अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे.

विद्यापीठाची स्वायत्तता

१९२९ साली इजिप्शियन विद्यापीठात मुलींना पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळू लागला. या बाबतीत कुलगुरू लुत्फी अल्-सय्यद आणि ताहा हुसेन यांनी पुढाकार घेतला. या पहिल्या विद्यार्थिनींपैकी सुहैर अल्-कलमावी यांनी ताहा यांच्या मार्गदर्शनाखाली 'अलिफ लैला'वर प्रबंध लिहिला. त्या पुढे स्वतः नामवंत लेखिका व प्राध्यापक झाल्या.

१९३० साली ताहा कलाशाखेचे अधिष्ठाता झाले. पंतप्रधान इस्माईल सिद्की यांच्या सरकारने काही राजकीय पुढाऱ्यांना सन्माननीय डॉक्टरेट द्यावी अशी इच्छा दर्शविली. ताहा यांनी ती मानली नाही. मार्च १९३२ मध्ये त्यांची बदली करण्यात आली आणि लगेच त्यांना नोकरीतूनही काढून टाकण्यात आले. विद्यार्थ्यांनी संप केला. विद्यापीठाच्या स्वायत्ततेवर घाला घातला गेल्याचे सांगत कुलगुरू लुत्फी अल्-सय्यद यांनी राजीनामा दिला. 'अरबी साहित्याचे अधिष्ठाता' हे बिरुद या घटनेनंतर रूढ झाले. सरकारने विद्यापीठातील अधिष्ठातापद काढून घेतले तेव्हा वाचकांनी त्याहून व्यापक पद त्यांना बहाल केले. बेकारीच्या काळात त्यांनी वृत्तपत्रीय लेखनावर कुटुंब चालविले. १९३४ साली ते विद्यापीठात परतले आणि १९३६ साली पुन्हा अधिष्ठाता झाले.

याच सुमारास १९३४ साली त्यांची 'दुआ अल्-करवान' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कुटुंबाच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली झालेल्या एका तरुणीच्या हत्येची आणि तिच्या बहिणीच्या सूडाची ही कथा आहे. हेन्री बरकात यांनी १९५९ साली तिच्यावर चित्रपट काढला. त्यात फातेन हमामा यांची प्रमुख भूमिका होती.

इजिप्तमधील संस्कृतीचे भवितव्य

१९३६ साली ब्रिटनशी करार झाल्यावर स्वतंत्र इजिप्तने कसे शिक्षण उभारावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्याला उत्तर म्हणून ताहा यांनी १९३८ साली 'मुस्तक्बल अस्-सकाफा फी मिस्र' (इजिप्तमधील संस्कृतीचे भवितव्य) हा ग्रंथ लिहिला. इजिप्तची संस्कृती प्राचीन काळापासून भूमध्यसागरी जगाशी जोडलेली आहे, असे त्यांनी मांडले. या मताला साती अल्-हुस्री, सय्यद कुत्ब आदींनी विरोध केला. इजिप्तचे अरब आणि इस्लामी नाते यात दुय्यम ठरते, हा त्यांचा आक्षेप होता.

या वादामुळे ग्रंथाचा मोठा भाग मात्र दुर्लक्षित राहिला. शाळांची पाहणी, शिक्षकांचे वेतन, परीक्षांचा अतिरेक, अरबी व्याकरणाचे क्लिष्ट अध्यापन, भाषांतरासाठी सरकारी यंत्रणा अशा व्यावहारिक बाबींवर त्यात तपशीलवार सूचना आहेत. सर्वांना शिक्षण दिल्यास सुशिक्षित बेकार वाढतील, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी लोकशाहीच्या आधारे उत्तर दिले. मतदानाचा हक्क द्यायचा आणि ज्ञान नाकारायचे, ही त्यांच्या मते लोकांची फसवणूक होती.

आंद्रे जीद यांच्याशी पत्रव्यवहार

१९४५ ते १९४८ या काळात ताहा यांनी 'अल्-कातिब अल्-मिस्री' या मासिकाचे संपादन केले. सार्त्र, काफ्का यांच्यासारख्या समकालीन युरोपीय लेखकांची चर्चा या मासिकातून अरबीत झाली. याच काळात आंद्रे जीद यांच्या एका कादंबरीचा अरबी अनुवाद तयार झाला. ख्रिस्ती मनाची व्याकुळता रंगविणारे आपले पुस्तक मुस्लिम वाचकांना काय रुचणार, अशी शंका जीद यांनी अनुवादकाला कळविली. इस्लाम प्रश्न जागे करण्यापेक्षा उत्तरे अधिक देतो, अशी त्यांची समजूत होती. ताहा यांनी जानेवारी १९४६ मध्ये त्यांना उत्तर लिहिले. जीद यांचा अनेक मुसलमानांशी परिचय झाला असला तरी इस्लामी संस्कृतीची ओळख झालेली नाही, असे त्यांनी सौम्य शब्दांत दाखवून दिले. या संस्कृतीत शंका आणि अस्वस्थता यांची मोठी परंपरा असल्याचेही त्यांनी सांगितले. ज्या भाषेने एके काळी ग्रीक विचार पचविला, तिच्या वाचकांना फ्रेंच कादंबरी जड जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. दोन्ही पत्रे अनुवादासोबत छापली गेली. परक्या वाचकाविषयी लेखकाने आधीच मत बनवू नये, या मुद्द्यासाठी हा पत्रव्यवहार आजही अनुवादाच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो.

शिक्षणकार्य

१९४२ साली ताहा शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार झाले आणि नव्याने स्थापन झालेल्या अलेक्झांड्रिया येथील विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या सल्लागारपदाच्या काळात प्राथमिक शिक्षण निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. १९४९च्या सुमारास त्यांच्या 'अल्-मुअज्जबून फी अल्-अर्द' (पृथ्वीवरील पीडित) या कथासंग्रहावर इजिप्तमध्ये बंदी आली. ग्रामीण दारिद्र्याचे चित्रण राजवटीला मानवले नाही. पुस्तक लेबनॉनमध्ये छापले गेले.

जानेवारी १९५० मध्ये वफ्द पक्षाचे मुस्तफा अन्-नहास पंतप्रधान झाले आणि त्यांनी ताहा यांना शिक्षणमंत्रिपद दिले. पाणी आणि हवा यांच्याइतकाच शिक्षणावर प्रत्येकाचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका इजिप्तमध्ये म्हणीसारखी रूढ झाली. त्यांनी माध्यमिक आणि तांत्रिक शिक्षणाचे शुल्क रद्द केले. पुरेशा इमारती आणि शिक्षक नसताना दारे उघडल्याने दर्जा घसरेल, अशी टीका झाली. आधी मुले शाळेत यावीत, उणिवा नंतर दूर करता येतील, असे ताहा यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत कैरोत आजचे ऐन शम्स विद्यापीठ स्थापन झाले आणि माद्रिद येथे इजिप्तची इस्लामी अध्ययन संस्था सुरू झाली. जानेवारी १९५२ मध्ये कैरोतील जाळपोळीनंतर सरकार बडतर्फ झाले आणि त्यांचे मंत्रिपद संपले. निःशुल्क शिक्षणाचा निर्णय मात्र त्यानंतरच्या राजवटीने पुढे चालविला.

अखेरची वर्षे आणि निधन

१९५२च्या क्रांतीनंतर ताहा सक्रिय राजकारणापासून दूर राहिले. नव्या लेखकांचे साहित्य ते वाचवून घेत आणि त्यावर लिहीत. नजीब महफूझ यांच्या 'बैन अल्-कसरैन' या कादंबरीचे त्यांनी मनःपूर्वक स्वागत केले. १९६३ पासून मृत्यूपर्यंत ते कैरोच्या अरबी भाषा अकादमीचे अध्यक्ष होते. साहित्याच्या नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. पण तो त्यांना मिळाला नाही. अरबी लेखकाला हा सन्मान प्रथम १९८८ साली, नजीब महफूझ यांच्या रूपाने लाभला.

२८ ऑक्टोबर १९७३ रोजी कैरोत ताहा हुसेन यांचे निधन झाले. त्या महिन्यातील इस्राएलबरोबरच्या युद्धाची शस्त्रसंधी नुकतीच झाली होती. ज्या विद्यापीठातून त्यांना एकदा काढून टाकण्यात आले होते, तेथूनच त्यांची अंत्ययात्रा निघाली. संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क पुरस्कार त्यांना त्याच वर्षी जाहीर झाला. डिसेंबरमधील प्रदान समारंभाच्या वेळी ते हयात नव्हते. गिझा येथील त्यांचे 'रामतान' हे घर आज संग्रहालय आहे.

मूल्यमापन

ताहा हुसेन यांची अनेक मते आज वादग्रस्त किंवा कालबाह्य ठरली आहेत. इस्लामपूर्व काव्याविषयीचा त्यांचा निष्कर्ष टोकाचा होता आणि युरोपविषयीचा त्यांचा विश्वास काहींना भाबडा वाटतो. बोलीभाषेत साहित्य लिहिण्यास त्यांचा विरोध होता. तो पुढील पिढीतील अनेक लेखकांना मान्य झाला नाही. त्यांच्या कार्याचे सूत्र मात्र सुसंगत दिसते. त्यांनी वाचलेले प्रत्येक पुस्तक दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजातून त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी लिहिलेले प्रत्येक पान दुसऱ्या कोणी तरी उतरवून घेतले. ज्ञान हे एकमेकांच्या आधाराने मिळते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. मुलांना शुल्काविना शाळा, मुलींना विद्यापीठ आणि अरबी वाचकांना परभाषेतील ग्रंथ मिळावेत, हे त्यांचे तिन्ही आग्रह या अनुभवाशी जुळतात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये मिन्या शहरातील त्यांचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून नाहीसा झाला. त्याच महिन्यात सीरियातील मआर्रत अन्-नुमान येथे अल्-मआर्री यांच्या पुतळ्याचे शिर सशस्त्र गटाने तोडले. या दोन अंध लेखकांची पुस्तके मात्र अरबीत आजही छापली आणि वाचली जातात.

निवडक ग्रंथ

संशोधन व समीक्षा : 'तज्दीद जिक्रा अबी अल्-अला', 'हदीस अल्-अर्बिआ', 'फी अश्-शिअर अल्-जाहिली' (१९२६), 'फी अल्-अदब अल्-जाहिली' (१९२७), 'मअ अल्-मुतनब्बी'
आत्मचरित्र : 'अल्-अय्याम' (तीन भाग)
कथा-कादंबरी : 'दुआ अल्-करवान' (१९३४), 'अदीब', 'शजरत अल्-बुअस', 'अल्-मुअज्जबून फी अल्-अर्द'
इस्लामी इतिहास : 'अला हामिश अस्-सीरा', 'अल्-फित्ना अल्-कुब्रा' (दोन भाग)
शिक्षणविचार : 'मुस्तक्बल अस्-सकाफा फी मिस्र' (१९३८)